जाहिरातींतील चित्रें आणि शेजाऱ्याचा मान

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांतील तरुणांच्या सभेंत घडलेली गोष्ट तेथील उपदेशक बंधूंनीं आम्हांस कळविली आहे. सभा संपल्यावर एका मुलानें आपल्या मोबाइलवर साबणाच्या जाहिरातीचें एक जुनें विलायती चित्र सर्वांस दाखविलें. त्यांत एक काळा मुलगा न्हाणीच्या टबांत बसला आहे आणि गोरा मुलगा साबण घेऊन त्याच्याजवळ उभा आहे. शेजारच्या चित्रांत त्या काळ्या मुलाचें अंग गोरें झालेलें आहे. डोकें मात्र काळेंच राहिलें आहे. चित्र पाहून सर्वजण हंसले. एकानें हंसतां हंसतां तेथें बसलेल्या एका सांवळ्या मुलीकडे पाहिलें. ती उठून घरीं गेली, व पुढचे दोन रविवार उपासनेस आली नाहीं. उपदेशकांनीं मुलांस विचारिलें, तेव्हां तीं म्हणालीं, “आम्हीं तिचें नांव घेतलें नाहीं, तिला एक शब्द बोललों नाहीं. चित्र परदेशांतलें, शंभर वर्षांहून जुनें. त्यानें हिचा अपमान कसा झाला?” उपदेशक लिहितात, “या प्रश्नास काय उत्तर द्यावें, तें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.”

हा प्रश्न एकट्या त्या गांवाचा नाहीं. अलीकडील वर्षांत अमेरिकेंत, इंग्लंडांत व आपल्या देशांतही जाहिरातींच्या चित्रांवरून मोठे वाद झाले आहेत. एक पक्ष म्हणतो, या चित्रांनीं मनुष्यजातीच्या एका भागाचा अपमान होतो. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला अपमान शोधावयाचा आहे त्याला तो सर्वत्र सांपडतो. दोन्ही पक्षांत भलीं माणसें आहेत. म्हणून रागाच्या भरांत निकाल न देतां, चित्रांतला अपमान नेमका कशांत असतो, हें आपण शांतपणें पाहूं.

त्या मुलानें दाखविलेलें चित्र आम्हांस ठाऊक आहे. तें ‘पेअर्स’ साबणाचें असून १८८४ च्या सुमारास इंग्लंडांत प्रसिद्ध झालें. हा साबण लंडनमध्यें अँड्र्यू पेअर्स यांच्या नांवानें निघत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत थॉमस बॅरट या हुशार गृहस्थाच्या हातीं त्याच्या जाहिरातीचें काम आलें, आणि त्यानें घरोघर हें नांव पोंचविलें. टबांतल्या मुलाचें चित्र अशा अनेक चित्रांपैकीं एक होय.

मूळ कल्पना मात्र त्या कारखान्याची नव्हे. हबशी मनुष्यास धुऊन गोरा करूं पाहणें ही इसापाच्या नांवानें चालत आलेल्या गोष्टींपैकीं एक गोष्ट आहे, आणि युरोपांत निष्फळ श्रमांस ती म्हणीसारखी लावीत. यिर्मया संदेष्ट्यानेंही कूशी मनुष्याच्या कातडीचा दाखला दिला आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु संदेष्ट्याचा रोख कूशी मनुष्यावर नाहीं. दुष्टपणाची जडलेली संवय सुटत नाहीं, म्हणून तो आपल्याच लोकांस, यहूदाच्या लोकांस, दोष देत आहे. कातडीचा रंग हा तेथें दोष नाहीं. न पालटणाऱ्या वस्तूचा तो नुसता दाखला आहे. जाहिरात करणारांनीं त्या जुन्या दाखल्यांत स्वतःची भर घातली. काळें अंग म्हणजे मळ, आणि मळ काढणें हें साबणाचें काम, असें त्यांनीं चित्रांतून सांगितलें. शास्त्रांत दुसऱ्या एका कूशी मनुष्याची गोष्ट आहे. राणीचा तो खजिनदार फिलिप्पाबरोबर पाण्यांत उतरला व बाप्तिस्मा घेऊन वर आला. त्याची कातडी होती तशीच राहिली, आणि तो आनंद करीत आपल्या वाटेनें गेला. पाण्यानें त्याच्या रंगाचें कांहीं करावें, असें फिलिप्पाच्या मनांतही आलें नाहीं.

आतां पहिला आक्षेप घेऊं. कोणी म्हणेल, “चित्र काढणाराच्या मनांत वाईट नव्हतें. त्याला साबण खपवावयाचा होता. लोकांस हंसवावयाचें होतें.” हें खरें असेल. त्या काळच्या पुष्कळ लोकांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. इतकेंच काय, अमेरिकेंतील ब्रुकलिन येथील प्लिमथ मंडळीचे विख्यात उपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनींही याच साबणास शिफारसपत्र दिलें होतें. स्वच्छता जर भक्तीच्या शेजारीं बसते, तर उपदेशकानें साबणाची शिफारस करण्यांत कमीपणा कसला, असा त्याचा आशय होता. हे बीचर गुलामगिरीचे कट्टर शत्रु. ‘अंकल टॉम्स केबिन’ हें पुस्तक (१८५२) लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या त्यांच्या भगिनी. त्यांच्या त्या शिफारशींत कोणाच्या वर्णाविषयीं वाईट बोल नाहीं. तरी कारखान्यानें एका हातानें ती शिफारस छापली व दुसऱ्या हातानें टबांतल्या मुलाचें चित्र छापलें. आणि सज्जनाच्या नांवाचें वजन दोहोंच्याही पारड्यांत पडलें.

पुढें १८९९ सालीं त्याच साबणाची आणखी एक जाहिरात निघाली. गोऱ्यांनीं फिलिपाइन्सचा राज्यकारभार आपल्या शिरावर घ्यावा, असें सुचविणारी किपलिंग यांची कविता त्याच वर्षीं गाजत होती. गोऱ्या मनुष्याच्या भाराविषयींचे त्या कवितेच्या मथळ्यांतील शब्द घेऊन जाहिरातीनें सांगितलें कीं, तो भार हलका करण्याची पहिली पायरी म्हणजे स्वच्छता शिकविणें. चित्राच्या मध्यभागीं एक गोरा आरमारी अधिकारी जहाजाच्या खोलींत हात धूत आहे. खालच्या कोपऱ्यांत एक गोरा मनुष्य उभा आहे, आणि त्याच्या पायाशीं बसलेल्या काळ्या मनुष्यास तो साबणाची वडी देत आहे. पाहणाऱ्यांस तो उभा मनुष्य मिशनरी वाटतो. म्हणजे सेवेसाठीं घरदार सोडून गेलेल्यांचेंही रूप त्या दुकानदारीच्या कामास लागलें.

तेव्हां हेतु चांगला होता, एवढ्यानें निकाल लागत नाहीं. विहिरींत कोणी घाण टाकली, तर ती चुकून टाकली कीं जाणूनबुजून, यावरून टाकणाराचा अपराध कमी-अधिक ठरेल. पाणी मात्र दोन्ही वेळां सारखेंच नासतें. आणि तें पाणी पिणारा मनुष्य टाकणाराच्या मनांतला हेतु पीत नाहीं.

मग कसोटी कोणती? ज्याला वाईट वाटलें त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून निकाल द्यावा काय? तेंही पुरें नाहीं. कारण कोणाला कशानें वाईट वाटेल याचा नेम नसतो, व कांहीं वेळां खरें बोललेलेंही झोंबतें. आम्हांस वाटतें कीं, गांवांत आपण बोलण्यास जी साधी कसोटी लावितों, तीच चित्रांस लावावी. एखाद्याविषयीं जें बोललें जातें, तें त्याच्या देखत बोलतां येईल का? जें देखत बोलण्याची लाज वाटते आणि माघारीं बोलतांना मौज वाटते, त्यांत बहुधा कांहीं तरी अन्याय असतो. टबांतल्या मुलाचें चित्र इंग्लंडांतील घरांत बसून पाहण्यासाठीं काढलें होतें. त्या मुलाची आई तें पाहील, असें काढणाराच्या ध्यानीं मनींही नव्हतें. तें चित्र म्हणजे एका सबंध लोकसमुदायाच्या माघारीं केलेलें बोलणें होतें. आज मोबाइलनें जगाच्या भिंती पाडिल्या, आणि माघारीं बोललेलें तें बोलणें आपल्या सभेंत, त्या मुलीच्या देखत, येऊन पडलें.

या कसोटीचें एक उदाहरण पूर्वेकडील देशांत घडलें आहे. शांघायच्या ‘हॉली अँड हेझल’ नांवाच्या कंपनीची एक टूथपेस्ट १९३३ पासून ‘डार्की’ या नांवानें विकली जात असे. काळ्या मनुष्यास तुच्छतेनें हांक मारण्याचा हा इंग्रजी शब्द आहे. डब्यावर उंच टोपी घातलेल्या, पांढरे दांत दाखविणाऱ्या काळ्या चेहऱ्याचें चित्र होतें. गोरे नट तोंडास काळें फांसून काळ्या लोकांची थट्टा करीत, त्या अमेरिकन तमाशांतून तें रूप आलें होतें. आपल्या भाषेंत तोंडास काळें फांसणें याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. १९८५ सालीं अमेरिकेंतील कोलगेट कंपनीनें या कंपनीचा अर्धा वांटा विकत घेतला. तेव्हां अमेरिकेंत ओरड झाली. तिच्यांत ख्रिस्ती व इतर धर्मसंस्थाही होत्या. त्यांनीं भागधारक या नात्यानें कंपनीस जाब विचारला. अखेर १९८९ सालीं नांव पालटून ‘डार्ली’ असें ठेवण्यांत आलें. परंतु चिनी अक्षरांत ‘काळ्या माणसाची टूथपेस्ट’ असें जें नांव होतें, तें तसेंच राहिलें. तें बदलण्याचें २०२१ च्या अखेरीस जाहीर झालें. ज्यांस ऐकूं जात होतें त्यांच्या देखत नांव सुधारलें, आणि ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांच्या माघारीं तेंच नांव आणखी तीस वर्षें चाललें. आमची कसोटी त्या कंपनीस माहीत होती, असेंच म्हणावें लागतें. तिनें ती अर्ध्यापुरती पाळली.

दुसऱ्यांच्या दुकानांकडे बोट दाखवितांना आपलें घरही झाडलें पाहिजे. जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांतील देवळांत व शब्बाथशाळांत मिशनकार्यासाठीं वर्गणी जमविण्याची एक पेटी पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं असे. पेटीवर गुडघे टेकून हात जोडलेल्या काळ्या मुलाची लहान मूर्ति बसविलेली असे. मुलांनीं नाणें टाकलें कीं ती मूर्ति मान लववून आभार मानी. मुलांस त्याची मोठी गंमत वाटे, व पैसे जमत. त्या पैशांनीं शाळा चालल्या असतील, औषधें आलीं असतील. दूरच्या अनोळखी मुलांसाठीं खाऊचे पैसे टाकणाऱ्या त्या बालकांच्या अंतःकरणांत प्रेमच होतें. त्या प्रेमाची थट्टा आम्ही करणार नाहीं. तरी ती पेटी आपल्या मुलांच्या शाळेंत आणून ठेवावी, आणि “हा तूं,” असें आपल्या मुलास सांगावें, अशी कल्पना करून पाहा. जीभ अडखळते. ज्याच्यासाठीं दान मागितलें त्यास सदैव गुडघ्यांवर ठेवून तें मागितलें. देणाऱ्या मुलानें नाणें टाकतांना दया शिकली, आणि त्याच नाण्याबरोबर आपण वर व तो खालीं हेंही शिकली. पहिला धडा फार चांगला होता, म्हणून दुसरा कोणाच्या लक्षांत आला नाहीं. चांगल्या कामासाठीं काढलेल्या चित्रांची तपासणी अधिक काळजीनें करावी लागते, ती याचसाठीं.

आतां एक अधिक कठीण उदाहरण घेऊं. अमेरिकेंत ‘आंट जेमायमा’ या नांवानें धिरड्यांसारख्या गोड पदार्थाचें तयार पीठ १८८९ पासून विकलें जाई. तें नांव तोंडास काळें फांसलेल्या नटांच्या तमाशांतील एका गाण्यावरून घेतलें होतें. पिशवीवर डोक्यास रुमाल बांधलेल्या, हंसतमुख, काळ्या स्वयंपाकिणीचें चित्र असे. येथें मळ नाहीं, हिडीस रूप नाहीं. आजीसारखी प्रेमळ बाई आहे. मग दोष कोठें? दोष तिच्या नांवांत व नोकरींत होता. अमेरिकेच्या दक्षिण भागांत गोरे लोक काळ्या वडीलधाऱ्यांस मानाचें ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ न लावतां ‘अंकल’ किंवा ‘आंट’ म्हणत. आपल्याकडे मावशी, मामा हे शब्द आपुलकीचे आहेत. तेथें हींच नातीं मान नाकारण्यासाठीं वापरलीं गेलीं. ज्यांच्या आजोबांस गांवांतलीं लहान पोरें ‘अरे’ म्हणून हांक मारीत, आणि ज्यांच्या घरांतील ‘राम’ हा गांवाच्या तोंडीं जन्मभर ‘राम्या’ राहिला, त्यांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें, तें हें नातें ओळखूनच केलें.

त्या चित्राची भूमिका प्रथम ज्या बाईनें केली तिचें नांव नॅन्सी ग्रीन. ती १८३४ सालीं केंटकी प्रांतांत गुलामगिरींत जन्मली. १८९३ सालीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत तिनें तें पीठ शिजवून लोकांस खाऊं घातलें व गोष्टी सांगितल्या. लोकांची रीघ लागली. ती शिकागोंतील ऑलिव्हेट बॅप्टिस्ट मंडळीची सभासद होती. १९२३ सालीं मोटारीच्या अपघातांत ती मरण पावली. तिचा चेहरा दुकानोदुकानीं होता; तिच्या कबरेवर मात्र नांवाचा दगड नव्हता.

२०२० च्या मे महिन्यांत मिनिआपोलिस शहरीं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या मनुष्याचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं प्राण गेला, आणि साऱ्या अमेरिकेंत क्षोभ उसळला. पुढच्याच महिन्यांत त्या पिठाच्या कंपनीनें तें नांव व चित्र काढून टाकण्याचें जाहीर केलें. २०२१ पासून तें पीठ ‘पर्ल मिलिंग कंपनी’ या नांवानें विकलें जातें. पुष्कळांनीं समाधान मानलें. पण नॅन्सी ग्रीननंतर ज्या काळ्या स्त्रियांनीं ती भूमिका केली होती, त्यांच्यापैकीं कांहींच्या वंशजांनीं हरकत घेतली. आमच्या आजीनें प्रामाणिकपणें केलेलें हें काम होतें. तें पुसून टाकलें तर तिची आठवणही पुसली जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें. हें म्हणणें हलकें समजूं नये. चित्र काढून टाकलें म्हणजे अपमान धुतला गेला, असें मानणें हाही एक प्रकारें साबणावरचाच भरंवसा आहे. कंपनीला नांव पालटण्यास खर्च पडला असेल, परंतु नॅन्सी ग्रीनला त्यानें कांहीं मिळालें नाहीं. तिला जें मिळालें तें दुसरीकडून मिळालें. शिकागोंतील एका स्थानिक इतिहास-संस्थेच्या खटपटीनें २०२० च्या सप्टेंबरांत तिच्या कबरेवर तिच्या खऱ्या नांवाचा दगड बसला. आमच्या मतें त्या साऱ्या वर्षांतील वादांत अपमानाची खरी भरपाई कोठें झाली असेल तर ती त्या दगडापाशीं. चेहरा वापरून नांव नाकारणें हा अपमान होता. म्हणून नांव परत देणें ही भरपाई होय.

या कसोटीनेंही जेथें निकाल सहज लागत नाहीं असें एक उदाहरण सांगितलें पाहिजे. २०१७ च्या ऑक्टोबरांत ‘डव्ह’ या साबणाच्या कंपनीनें तीन सेकंदांचें एक चलच्चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत एक काळी स्त्री अंगांतील सदरा काढते तों तिच्या जागीं गोरी स्त्री दिसते. गोरी सदरा काढते तों आशियाई चेहऱ्याची तिसरी स्त्री दिसते. पहिल्या दोघींचींच चित्रें लोकांत पसरलीं, जगभर निषेध झाला व कंपनीनें क्षमा मागितली. परंतु त्यांतील काळी स्त्री, लोला ओगुन्येमी, हिनें वृत्तपत्रांत लिहिलें कीं, मला कोणीं फसविलें नाहीं. मी आपल्या सांवळ्या भगिनींची प्रतिनिधि म्हणून अभिमानानें उभी राहिलें होतें. लोक कां रागावले हें आपणांस समजतें, असेंही तिनें लिहिलें.

येथें चित्रांतली व्यक्ति हजर होती, तिची संमति होती, तिला अपमान वाटला नाहीं. मग लाखों लोकांस तो कां वाटला? कारण त्या तीन सेकंदांच्या मागें एकशेंतीस वर्षांचा तो टब उभा होता. साबण, पाणी, आणि काळ्याचें गोरें होणें हा क्रम लोकांनीं पूर्वीं पाहिलेला होता. ज्या दारावर एकदां डोकें आपटलें आहे, तेथून जातांना मनुष्य आपोआप वांकतो. दार आतां उंच केलें असलें तरी वांकतो. त्याला भित्रा म्हणूं नये. दार बांधणारानें मात्र जुनी खूण लक्षांत ठेवावी. आमचा निकाल असा कीं, त्या स्त्रीचा अभिमान खरा होता आणि पाहणारांचें दुःखही खरें होतें. दोष असेल तर निष्काळजीपणाचा. तो दुष्टपणापेक्षां लहान दोष आहे, पण दोष आहे.

एथवर दूरच्या देशांची गोष्ट झाली. आतां त्या मुलीच्या गांवीं परत येऊं. आपल्या भाषेंत ‘वर्ण’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: अंगाचा रंग आणि जन्माची पायरी. अमेरिकेंत वंशावरून जें होतें तें आपल्याकडे या एका शब्दांत दडून होतें. ज्या महाराष्ट्रांत सांवळ्या विठोबाचीं इतकीं गीतें गाइलीं गेलीं, त्याच महाराष्ट्रांत सांवळी मुलगी झाली कीं आजी सुस्कारा टाकते. १९७५ सालीं आपल्या देशांत ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें मलम बाजारांत आलें. पेअर्स साबणाची मालकीही पुढें ज्यांच्याकडे गेली त्याच उद्योगसमूहाचें हें मलम. त्याच्या जाहिरातींत एकाच मुलीचे काळपट व उजळ असे दोन चेहरे शेजारीं शेजारीं दाखवीत. एका जाहिरातींत तर, आपणांस मुलगा असता तर बरें झालें असतें, असें बाप म्हणतो. मुलगी मलम लावून गोरी होते, विमानांत नोकरी मिळविते, आणि मग बापाच्या मनास उतरते. स्त्रियांच्या संघटनांनीं तक्रार केली, व २००३ सालीं ती जाहिरात बंद झाली. २०१४ सालीं जाहिरातदारांच्या स्वतःच्या परिषदेनें, सांवळ्या मनुष्यास दुःखी किंवा कमी प्रतीचा दाखवूं नये, असा नियम केला. २०२० सालीं मलमाच्या नांवांतील ‘फेअर’ हा शब्द गेला व ‘ग्लो’ हा शब्द आला.

टबाच्या चित्रांत व या मलमांत एक मोठा फरक आहे. टबांतल्या काळ्या मुलास कोणी साबण विकत नव्हता. त्याला दाखवून दुसऱ्यांस विकत होते. मलमाचें गिऱ्हाईक मात्र ती सांवळी मुलगीच. तिच्या माघारीं जें बोलत तें येथें तिच्या तोंडावर बोलले, आणि त्याची किंमतही तिच्याकडूनच घेतली. आतां आमची ‘देखत’ची कसोटी लंगडी पडली, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. देखत बोलण्याची लाज केव्हां सुटते? ऐकणारानें आधींच मान खालीं घातलेली असली म्हणजे सुटते. या मलमाच्या जाहिरातीस जें धैर्य आलें तें आपणच दिलें. कंपनीनें पुडीवर दोन चेहरे छापले, त्याच्या कितीतरी आधीं आपण ते दोन चेहरे आपल्या माजघरांत शेजारीं शेजारीं उभे केले होते. लग्न जमवितांना “मुलगी रंगानें कशी आहे?” हा प्रश्न आपल्या मंडळींतही विचारला जातो; वधू पाहिजे म्हणून दिलेल्या सूचनेंत ‘गोरी’ हा शब्द छापला जातो. एक प्रभु, एक भोजन असें म्हणणाऱ्या घरांत सून निवडतांना पुन्हां वर्ण मोजला जातो. कंपनीनें नांवांतला शब्द काढला. आपल्या तोंडांतला शब्द काढण्यास कोणती परिषद येणार?

शेवटीं दोन आक्षेपांस थोडक्यांत उत्तर देऊं. “इतकें जपत बसलें तर हंसण्यास जागाच राहणार नाहीं,” असें कोणी म्हणतात. हंसण्यास पुष्कळ जागा आहे. आपली फजिती आहे, आपला अहंकार आहे, थोरांचा थाट आहे. ज्याच्या हातांत कांहीं उपाय नाहीं अशा जन्मजात कातडीवर हंसण्यावांचून ज्याचा विनोद अडतो, त्याचा विनोदच दरिद्री म्हटला पाहिजे. दुसरे म्हणतात, “मग सांवळ्या माणसाचें चित्र छापूंच नये.” तसें केलें तर तो दुसरा अपमान होईल. ज्याला भिंतीवर कोठेंच आपला चेहरा दिसत नाहीं, तो आपण या घरचे नाहीं असें समजतो. सांवळ्या माणसाचें चित्र अवश्य छापावें. शेतकरी म्हणून, वैद्य म्हणून, आई म्हणून, धडा शिकविणारा शिक्षक म्हणून छापावें. दुसऱ्या कोणाचें गोरेपण दाखविण्यासाठीं लावलेली काळी पाटी म्हणून छापूं नये.

उपदेशक बंधूंस आमचें उत्तर असें. त्या मुलांस सांगावें कीं, नांव न घेतांही अपमान होतो. कारण चित्रानें तिचें नांव घेतलें नव्हतें, तरी एका नजरेनें तें तिला नेऊन लावलें. चित्र शंभर वर्षांपूर्वींचें होतें, नजर मात्र आजची होती. ज्यानें तिच्याकडे पाहिलें त्यानें, आणि जे हंसले त्यांनीं, तिच्या घरीं जावें. मोठें भाषण करूं नये. आम्हीं चुकलों, एवढें म्हणावें. तिच्या आईवडिलांच्या देखत म्हणावें, कारण जें चारचौघांत गेलें तें चारचौघांतच परत द्यावयाचें असतें. मग तिला उपासनेस बोलवावें, आणि पुढच्या रविवारीं शास्त्रपाठ वाचण्याचें काम तिच्याकडे द्यावें. मंडळीनें तिचें तोंड पाहावें, तें वचन वाचतांना पाहावें.